पुस्तकातला ताप

तुम्ही घर सोडून गेला होतात, असं जळगावात, आपल्या पिंप्राळ्यात सगळे म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही. चहाचा कप खाली ठेवताना हळूच विचारतात, "वहिनी, भाऊ परत येणार होते ना?" मी हो म्हणते. नाही म्हणून सांगू कुणाला? पण खरं म्हणजे मला ते ठाऊक नव्हतं. तुम्ही पिशवी घेऊन निघालात तेव्हाही नव्हतं आणि धुळ्याच्या दवाखान्यात तुमच्या तोंडावरची चादर बाजूला केली तेव्हाही नव्हतं. आता महिना होत आला. जलदानाचा विधी झाला, पाहुणे आले नि गेले, आणि मी अजून त्या एकाच प्रश्नाशी भांडते आहे. म्हणून आज तुमच्याशीच बोलायला बसले. तुम्ही मध्ये बोलणार नाही, एवढीच काय ती सोय.

डाळ मिलच्या वजनकाट्यावर तुमचा जन्म गेला. दिवसभर ट्रकचे हॉर्न, चाळण्यांची खडखड, हमालांची आरडाओरड. घरी आलात की कानात बोट घालून हलवायचात आणि म्हणायचात, "अजून चालू शे." मिल सुटली तरी तुमच्या डोक्यात चालूच असायची. पुस्तकांचं वेड तिथून लागलं, असं माझं मत. लोक शांतता मिळावी म्हणून झोपतात, तुम्ही एकट्या माणसांची पुस्तकं वाचायला लागलात. वाचनालयातून सायकलवर आणायचात, रेल्वे फाटक बंद असलं की तिथेच एक पाय टेकून पहिलं पान उघडायचात. मागचे लोक ओरडेपर्यंत फाटक उघडल्याचं तुम्हाला कळायचं नाही.

नदीकाठाने अनवाणी चालत सुटलेला कुणी निवृत्त तहसीलदार. बर्फातल्या गुहेत हिवाळा काढणारा मास्तर. वाळवंटात उंटामागून चालणारा गोरा साहेब, मराठीत आलेला. आपल्या घरात मूलबाळ नव्हतं, पण ही एवढी माणसं होती. संध्याकाळी मी स्वयंपाकाला लागले की तुम्ही उंबऱ्यात बसून मोठ्यानं वाचायचात. तेव्हा आपल्याकडे पंपाचा स्टोव्ह होता. त्याच्या आवाजात तुमचा तहसीलदार बुडून जायचा. "स्टोव्ह बंद कर, ऐकू येत नाही," असं तुम्ही म्हणायचात. मीही अर्धी कच्ची भाजी तशीच ठेवून बंद करायची. ते प्रकरण संपलं की पुन्हा पंप मारायचा. कॉलनीत सगळ्यांत उशिरा जेवणारं घर आपलं. पुढे गॅस आला तेव्हा शेजारणींना वाटलं माझी सोय केलीत. सोय तहसीलदाराची झाली होती.

आणि मला ते आवडायचं. हे आज कबूल करायला काय जातं? धुळ्याची मी, लग्न करून जळगावला आले तेवढाच माझा प्रवास. तुमच्या आवाजात मी कुठेकुठे जाऊन आले. बर्फ कसा असतो ते मला तुम्ही सांगितलंत, आणि तुम्ही तरी तो कुठे पाहिला होता. तेवढ्यासाठी मी तुमची ऋणी आहे. भांडणाच्या भरात हे सांगायचं राहून जायचं.

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. कुठलंही पुस्तक निघालं की मी विचारायची, "याच्या घरी कोण आहे?" तुम्ही म्हणायचात, ते लिहिलेलं नाही. मी म्हणायची, लिहिलं नाही म्हणजे नाही का? हा गुहेत बसला, तर याच्या म्हाताऱ्या आईला पाणी कोण देतं? याची बायको काय सांगते लोकांना? चिडलात की तुम्ही अहिराणीवर यायचात. "तुले काय समजस? तो सत्य शोधी ऱ्हायना." मी म्हणायची, "शोधू दे की. सांगून जा म्हणावं." यावर तुम्ही पान उलटायचात. तो वाद काही मिटला नाही. मी जिंकत आले होते असं मला वाटतं, पण तसं तर तुम्हालाही वाटत असेल.

मग तो ताप. आपल्या दोघांच्या तो एकदमच लक्षात आला होता. या सगळ्या पुस्तकांत कुठेतरी निम्म्यावर त्या एकट्या माणसाला ताप यायचाच. ओसाड धर्मशाळा, बाहेर पाऊस नाहीतर बर्फ, जवळ कुणी नाही. माणूस थरथरत पडून राहतो, औषध घेत नाही, कुणाला हाक मारत नाही. आणि ताप उतरला की त्याला सगळं लख्ख दिसायला लागतं, त्याची भीती जाते, त्याला हवं होतं ते सापडतं. तीन-चार पुस्तकांत सारखंच आल्यावर मी ओट्यापासून ओरडून विचारायला लागले, "आला का हो ताप?" तुम्ही म्हणायचात, "थांब, अजून दोन प्रकरणं आहेत." आपण हसायचो. तुम्हाला सर्दी झाली, अंग कढत झालं, की मी काढा करताना विचारायची, दिसलं का काही? तुम्ही नाक पुसत म्हणायचात, "हा तो ताप नव्हे." तो आपल्या घरातला विनोद होता. बाहेरच्या कुणाला कळला नसता.

तुम्ही त्यावर हसायचं केव्हा सोडलंत, हे मात्र मला सांगता येणार नाही. मी एवढंच पाहिलं की एक दिवस तुम्ही उंबऱ्यात बसलात, पुस्तक उघडलंत आणि वाचलं नाही. म्हणजे मनात वाचलंत. मी गॅस बारीक करून वाट बघत राहिले. शेवटी विचारलं, "आज काय झालं?" तर म्हणालात, "हे मोठ्यानं वाचायचं नाही." त्या दिवसापासून घरात तुमचा आवाज कमी होत गेला. संध्याकाळचं जेवण सोडलंत. मी भरीत केलं, वर मुद्दाम कच्चं तेल सोडलं, ताट पुढे केलं. तुम्ही छान वास आहे म्हणालात आणि उठून गेलात. खानदेशातला माणूस भरिताच्या ताटावरून उठतो तेव्हा बाईने काय समजायचं?

मे महिन्यात तुम्ही गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बसायला लागलात, तेही भर दुपारी. आपल्या जळगावच्या उन्हात कुत्रं गटारीबाहेर येत नाही, आणि तुम्ही तापलेल्या पत्र्याखाली चटईवर डोळे मिटून. मी वर आले, कपाळाला हात लावला. चटका बसला. तुम्ही डोळे उघडलेत आणि इतक्या आशेनं विचारलंत, "ताप आहे का गं?" मी म्हटलं, "उन्हाचा आहे. खाली चला." तुमचा चेहरा पडला.  माणसं ताप उतरला का विचारतात. तुम्ही आला का विचारत होतात.

पुढचं सगळं मला दिसत होतं, आणि दिसून काही उपयोग नव्हता. आषाढी पौर्णिमा जवळ आली. आपल्या बुद्धविहारात वर्षावासाच्या ग्रंथवाचनाची तयारी सुरू झाली, आणि तुम्ही जाहीर केलंत की यंदा तुम्ही वर्षावास स्वतःच पाळणार. मिलमध्ये साठलेली रजा टाकलीत. साक्रीच्या पलीकडे, डोंगरातल्या एका पाड्यावर तुमच्या मिलमधल्या एका हमालाच्या मामांची शेतातली खोली रिकामी होती. तिथे जाऊन बसणार, बोलणार नाही, वाचणार आणि गप्प राहणार. विहारातले आबा तुम्हाला समजवायला घरी आले. आबा कुणाला दुखवत नाहीत, पण त्या दिवशी स्पष्ट बोलले. "भाऊ, भिक्खू पावसाळ्यात एका जागी राहतात ते गावाच्या कडेला. लोक देतात ते जेवतात, लोकांना चार शब्द सांगतात. झाडीत लपत नाहीत. आपल्या माणसांना गुहेची गरज आहे की शाळेची?" तुम्ही म्हणालात, "आबा, शाळेसाठी तुम्ही आहात." आबा चहा न घेता गेले.

मी वाद घातला नाही. मी फक्त विचारलं, परत केव्हा? तुम्ही म्हणालात, रजा संपली की. मग दाराकडे बघत म्हणालात, "बघू." तो "बघू" माझ्या मागे लागला आहे. मी पिशवी भरली. दोन सदरे, टॉवेल, पोह्यांचा डबा, आणि वरच्या कप्प्यात मलेरियाच्या कडू गोळ्या. तिकडे पावसाळ्यात घरटी मलेरिया असतो, धुळ्याच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मी गोळ्या दाखवून ठेवल्या. तुम्ही मान हलवलीत. रिक्षा वळेपर्यंत मी दारात होते. तुम्ही मागे पाहिलं नाहीत, पण तुम्ही कधीच पाहायचा नाहीत, मिलला जातानाही.

मग एक दिवस मी गहू निवडत बसले असताना निरोप आला, किराणा दुकानातल्या फोनवर. माझा मोठा भाऊ धुळ्याहून बोलत होता. दुकानदाराने रेडिओ बंद केला, म्हणून दादाचा शब्दन् शब्द ऐकू आला. पाड्यावरच्या लोकांनी तुम्हाला खाटेवर घालून सडकेपर्यंत आणलं, जीप मिळाली, साक्रीहून धुळ्याला हलवलं. मी पोचले तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले मलेरिया मेंदूत गेला, आणायला फार वेळ लागला. दादा बाहेर बाकावर बसून पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "दाजी असं कसं करतील?" आणि घरी आल्यावर, जलदानाच्या दिवशी, तो तेच थोडं वेगळं म्हणाला. "अगं, खोटं कशाला बोलू? तो माणूस गेलाच होता. गोळ्या असून घेतल्या नाहीत. त्याला यायचं नव्हतं."

हे ऐकून घेऊन मी गप्प बसले असते तर मी तुमची बायको कसली? जलदान आटोपल्यावर मी दादाला म्हटलं, मला पाड्यावर ने. पाऊस होता, तो नको म्हणत होता. तरी गेलो. खोली पाहिली. कुडाची भिंत, एक खाट, तुमच्या पुस्तकांना ओल आलेली. खिडकीतून डोंगर दिसतो, चांगला दिसतो. इथे मीही बसले असते, असं एकदा मनात आलं. मग वरचा नाला भरला आणि परतीची वाट बंद झाली, म्हणून आम्ही शेजारच्या म्हातारीकडे मुक्काम केला. तिनेच तुम्हाला भाकरी दिली होती.

गोळ्यांचं मी तिला विचारलं. ती चुलीपुढे बसून सांगत होती. "मन्ही सूनले हिव ताप उनता. भाऊनी देखताच वळखं. बठ्ठ्या गोया तिले दिध्यात. सोता एक बी लिधी नही." सगळ्या गोळ्या जिला दिल्यात ती सून तिथेच उभी होती, कडेवर कळशी, चांगली धडधाकट. तिच्याकडे बघून मला बरंही वाटलं आणि तिला एक ठेवून द्यावी असंही वाटलं. मी म्हातारीला विचारलं, मग त्यांना ताप आला तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत? ती म्हणाली, "सांगं ना बाई. दवाखानामा चाला सांगं. ते म्हनेत, हाऊ सूनले उनता तो ताप नही शे. मी याचीच वाट देखी ऱ्हायनू, म्हनेत."

म्हणजे तुम्हाला दुसऱ्याचा ताप ओळखता आला. तिच्या सुनेला हुडहुडी भरली तर तो मलेरिया, आणि तुम्हाला भरली तर ते पुस्तकातलं प्रकरण. एवढी पुस्तकं वाचलेल्या माणसाशिवाय ही चूक कुणालाच जमली नसती. अडाणी माणूस दुसऱ्या दिवशी साक्रीला गेला असता. मला तुमचा इतका राग आला की मी उठून पावसात जाऊन उभी राहिले. आपण त्या तापावर हसत होतो हे मला आठवत होतं. पण त्याचं ओझं मी घेणार नाही. मी हसत होते. विश्वास तुम्ही ठेवलात.

आत आले तेव्हा म्हातारी आपणहून म्हणाली की एक गोष्ट तिला समजली नाही. शेवटच्या दिवशी तुम्ही शुद्धीत नव्हतात आणि सारखं एकच बोलत होतात. "स्टो बंद कर, ऐकू येस नही. इतलंच सांगेत. मन्हा घर कोठला स्टो वं बाई? चूल बी इझेल व्हती. भायेर नुसता पानी पडे." ती मला विचारत होती की चूलही विझलेली असताना याचा अर्थ काय. दादा माझ्याकडे बघत होता.  पदर तोंडात धरून मी रडले, दवाखान्यात रडले नव्हते तेवढी.

तुम्ही घरी होतात तर. त्या कुडाच्या खोलीत नव्हतात आणि बर्फातही नव्हतात. उंबऱ्यात बसून मला वाचून दाखवत होतात, आणि मी काही स्टोव्ह बंद करत नव्हते. मी दादाला परतताना जीपमध्ये हे सांगितलं.  तो म्हणाला, "अगं, तापात माणूस काहीही बरळतो. त्यावरून कसं ठरवणार?" दादा वाईट नाही. तो खरं तेच बोलतो, आणि त्याचंही खरं होतं. बरळणं हा काही पुरावा नाही. मी पुन्हा होते तिथेच आले.

दादा मला धुळ्याला न्यायला परवा आला. एकटी राहू नको म्हणतो. तो बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता, मी आत खिडकीत तुमच्या ओल्या पुस्तकांना ऊन दाखवत होते, आणि दुपारी एकाएकी मला थंडी वाजायला लागली. आपल्याकडच्या उकाड्यात, वाऱ्याची झुळूकही नसताना. दात वाजायला लागले. पाड्यावर डास किती चावले होते ते मला माहीत होतं, त्यामुळे हा कुठला ताप ते मला लगेच कळलं. गोळ्यांची पाकिटं दादानेच आणून फळीवर ठेवली होती. हात लांब केला असता तर मिळाली असती.

मी हात लांब केला नाही. तुम्हाला सांगते, बाकी कुणाला नाही. मी दार लोटून घेतलं आणि गच्चीवरून खाली आणलेल्या तुमच्या चटईवर बसले. म्हटलं बघू तरी. एवढं काय होतं तिथे, की माझा माणूस त्याची वाट बघत राहिला? मी डोळे मिटले. थंडी वाढत गेली. भिंत हलल्यासारखी वाटली, कानात मिलसारखा आवाज सुरू झाला. मला हवं होतं की काही दिसावं. निदान तुम्ही दिसावं. आणि मला भीती वाटत नव्हती, याची मला आज भीती वाटते. बराच वेळ मी तशीच होते.

मग मी हाक मारली. आवाज निघेना, तरी मारली. दादा धावत आला, दोन गोधड्या टाकल्या, शिव्या घातल्या, गोळ्या दिल्या, रिक्षा करून डॉक्टरकडे नेलं. रक्तात मलेरिया निघालाच. आता अंगात त्राण नाही, तोंड कडू आहे, पण मी बरी होते आहे. दादा आत खिचडी करतो आहे, करपल्याचा वास येतो आहे.

आता मला कुणी विचारलं तर मी हो म्हणेन, आणि ते खोटं नसेल. तुम्ही परत येणार होतात. हे मला म्हातारीने सांगून पटलं नाही, त्या चटईवर पटलं. तिथे काही नाही हो. त्या पुस्तकांनी तुम्हाला फसवलं, नाहीतर त्या माणसांच्या घरी खरंच कुणी नसेल. तिथे नुसती थंडी वाजते, आणि वाटतं की कुणीतरी यावं आणि अंगावर गोधडी टाकावी. तुम्हालाही वाटलं असणार. आणि तेव्हा मी इथे गहू निवडत बसले होते.